‘टेन्शन आहे’ म्हणून ईसीजी टाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच मन आणि हृदय यांच्या नात्यावर पानभर लेख आला. भाषा गोड, शेजारी मांडी घालून डोळे मिटलेल्या बाईचं चित्र, आणि खाली चौकटीत सूचना : राग धरू नका, मनाला लावून घेऊ नका, सकारात्मक राहा वगैरे. माझ्या सुनेला लेख आवडला. मला मात्र तो वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला भाग कापू नका ही विनंती.

मी मिरजेत एका रुग्णालयात ईसीजी टेक्निशियन होते. डॉक्टर नव्हे. लाल, पिवळा, हिरवा, काळा हे चार चिमटे लोकांच्या हातापायांना लावायचे आणि छातीवर जेली लावून सहा लीड, म्हणजे हृदयाची वीज टिपणाऱ्या तारा, बसवायच्या, यात नोकरी गेली. यंत्रातून निघणाऱ्या कागदी पट्टीचा अर्थ लावायचं काम डॉक्टरांचं. पण हजारो पट्ट्या डोळ्यांखालून गेल्या की कुठली पट्टी ट्रेमध्ये ठेवायची आणि कुठली हातात घेऊन पळत सुटायचं, एवढं समजायला लागतं.

मेंदूचा हृदयावर परिणाम होतो हे लेखातलं म्हणणं अगदी खरं आहे. बिनसतं ते त्याच्या पुढे. परिणाम होतो म्हणजे आजार मानसिक, मानसिक म्हणजे खरा नाही, आणि खरा नाही म्हणजे दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्या घरांमध्ये हे तिन्ही टप्पे एका दमात पार होतात. आमच्या घरात झाले, तेच सांगते.

माझे दीर गेले तेव्हा आम्ही सगळे तासगाव तालुक्यातल्या गावी होतो. रक्षाविसर्जनाच्या दिवशी भेटायला येणाऱ्या बायकांची रीघ लागली होती. येणारी प्रत्येक जण जाऊबाईंच्या गळ्यात पडायची, त्या नव्याने हुंदके द्यायच्या, ती उठली की दुसरी. दुपारनंतर जाऊबाई भिंतीला टेकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत वाटतंय गं.” कपाळ घामाने डबडबलेलं, हात गार. गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बी.पी. पाहिलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बाहेर पुरुषमाणसांत सांगितलं की टेन्शन आहे, नवरा गेलाय, साहजिक आहे, झोपू द्या. ‘साहजिक’ हा शब्द निघाला तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी ईसीजी काढायला मिरजेला नेऊ म्हटलं, तर पुतण्या म्हणतो, “काकू, सुतक आहे. दहावा होऊ दे, मग नेऊ.” त्याची आत्या म्हणाली, “दुःखाला कुठं औषध असतंय?”

मी भांडले. संध्याकाळी गाडी निघाली. मिरजेत पट्टी निघाली तशी मी टेक्निशियन पोरीच्या खांद्यावरून पाहिली. छातीवरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या लीडमध्ये रेघ वर उचललेली. म्हणजे पळत सुटायची पट्टी. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं. लगोलग अँजिओग्राफी झाली आणि रक्तवाहिन्या साफ निघाल्या. एकही ब्लॉक नाही. मग इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कारण दिसलं : डाव्या कप्प्याचं टोक आकसतच नव्हतं, फुग्यासारखं फुगून राहिलेलं, आणि वरचा भाग मात्र जोर लावून आकसत होता. डॉक्टरांनी सांगितलं, ताकोत्सुबो.

हे नाव जपानी आहे. ऑक्टोपस पकडायला तिकडचे कोळी अरुंद तोंडाचं, गोल बुडाचं मडकं वापरतात. हृदयाचा डावा कप्पा तसाच दिसतो म्हणून हिरोशिमाच्या डॉ. सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे नाव दिलं. पुढे हळूहळू हा आजार जगभर ओळखला जाऊ लागला. दुःखाने झालेला असेल तर वर्तमानपत्रं त्याला ‘हृदयभंग’ वगैरे म्हणतात, आणि तिथेच तो पुन्हा हळव्या गोष्टींच्या रकान्यात जातो.

घरी परतल्यावर आमच्याकडे काय बोललं गेलं ऐका : “काहीच निघालं नाही.” अँजिओग्राफी साफ म्हणजे काही झालंच नव्हतं, उगाच खर्च, काकू नोकरीतल्या सवयीनं घाबरल्या. हृदयाचा अर्धाअधिक स्नायू ठप्प पडला होता आणि जाऊबाई चार दिवस आयसीयूत मॉनिटरवर होत्या, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. ब्लॉक म्हणजे आजार, स्टेंट म्हणजे उपचार. यात जे बसत नाही ते ‘मनाचं’. माझी तक्रार गावच्या डॉक्टरांपेक्षा या हिशेबाविषयी जास्त आहे.

आता मेंदूचा हात हृदयापर्यंत पोचतो कसा, हे माझ्या कामाच्या भाषेत सांगते. हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, तो स्वतःच वीज सोडतो. त्याला एकट्याला सोडलं तर मिनिटाला साधारण शंभर ठोके पडतात. मग शांत बसलेल्या माणसाची नाडी सत्तर-पंचाहत्तर कशी? मेंदूच्या बुडातून निघालेली व्हेगस नावाची नस तिला सतत आवरून धरते म्हणून. गाडी उतारावर असावी आणि ड्रायव्हरचा पाय कायम ब्रेकवर, असा हा कारभार. भीती वाटली की आधी ब्रेक सुटतो, एकदोन ठोक्यांतच, आणि मग दुसऱ्या बाजूने सिम्पथेटिक नसा आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वेग वाढवतात.

व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदय मंदावतं, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवलं होतं. पण नस हृदयाला निरोप देते कशी, ते ओटो लोएवी यांनी १९२१ मध्ये बेडकांवर सिद्ध केलं. दोन बेडकांची हृदयं बाहेर काढून खारट द्रावणात ठेवली. एकाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. त्याला कुठलीच नस जोडलेली नव्हती. म्हणजे निरोप रसायनाने जातो. यासाठी त्यांना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ‘मनाचा परिणाम’ म्हणून आपण जे हवेत उडवून लावतो, ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतता येतं.

ज्यांच्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात त्यांच्याकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. डॉ. बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जगातलं पहिलं केलं त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला, पण धाडस मोठं होतं. आज प्रत्यारोपण झालेली माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्यांच्या नव्या हृदयाला मेंदूकडून येणारी नस जोडता येत नाही, म्हणून बसल्या जागी नाडी नव्वद ते एकशे दहा. जिना चढायला लागल्यावर ती लगेच वाढत नाही. रक्तातून अ‍ॅड्रिनॅलिन येईपर्यंत वाट पाहते, आणि वर पोचून खुर्चीत बसल्यावरही बराच वेळ खाली येत नाही.

आपल्या अंगावर हे पाहायचं असेल तर मनगटावर तीन बोटं ठेवा आणि खोल, सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी थोडी भरभर, बाहेर सोडताना थोडी संथ. तरुण पोरांच्या पट्टीवर हे इतकं ठळक दिसतं की नवखी टेक्निशियन ठोके अनियमित आहेत म्हणून घाबरते. रोग नाही तो. व्हेगस तरतरीत असल्याची खूण आहे.

आमच्या खोलीत तर मेंदू हृदयाला काय करायला लावतो ते रोज दिसायचं. पट्टी निघत असताना पडदा सरकवून सासू डोकावली की पुढच्या दोन इंचांत ठोके जवळ जवळ येत. शेजारच्या खोलीत रक्त काढायला बसलेला दणकट गडी सुई पाहून पांढराफटक पडायचा आणि खुर्चीतून घसरायचा. तिथे उलटं होतं. ब्रेक सुटत नाही, एकदम करकचून लागतो, नाडी आणि बी.पी. दोन्ही कोसळतात. त्याला हसणाऱ्या मित्रांना मी सांगायचे, पाय वर करा आधी त्याचे, मग हसा.

ताकोत्सुबोत मात्र वेग वाढवणाऱ्या रसायनांचा पूरच येतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये अचानक मानसिक धक्क्यानंतर असं हृदय झालेल्या १९ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तातली अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायनं नेहमीच्या मोठ्या हार्ट अटॅकमधल्या रुग्णांच्या दोन-तीन पट होती, आणि निरोगी माणसाच्या सात ते चौतीस पट. एवढ्या माऱ्यापुढे स्नायू बधिर पडतो. झुरिचच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा भावना आणि नाडी-बी.पी. सांभाळणाऱ्या भागांचा आपसातला संपर्क निरोगी बायकांपेक्षा कमी आढळला. तो आधीपासून कमी होता की आजारामुळे झाला, यावर अजून काम चालू आहे.

२०१५ मध्ये याच झुरिचच्या पुढाकाराने युरोप-अमेरिकेतल्या १७५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातले आकडे आपल्या पुरवणीने चौकटीत छापावेत असे आहेत. दर दहांमागे नऊ बायका, सरासरी वय सदुसष्टच्या आसपास. पण मानसिक धक्का सापडला फक्त २७.७ टक्क्यांत. शारीरिक कारण (ऑपरेशन, दम्याचा मोठा झटका, मेंदूतला रक्तस्राव असं काही) ३६ टक्क्यांत. आणि २८.५ टक्क्यांत काहीच कारण सापडलं नाही. म्हणजे ज्या बाईच्या घरात कुणी गेलं नाही, कुणाशी भांडण नाही, जी सकाळपासून नातवाला खेळवत होती, तिलाही हा आजार होतो. तिला ‘मनाला लावून घेऊ नका’ सांगून काय उपयोग? लावून घेण्यासारखं काही घडलेलंच नसतं. आणि आनंदानेही होतो : त्याच नोंदीतल्या मानसिक कारण असलेल्या ४८५ जणांपैकी २० जणांना वाढदिवस, लग्न, नातवंड होणं अशा सुखाच्या प्रसंगानंतर झाला होता. सकारात्मक राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी याचं काय करायचं ते ठरवावं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा आजार बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतो, हृदय पुन्हा नीट आकसायला लागतं. जाऊबाईंचंही दीड-दोन महिन्यांनी इको चांगलं आलं. पण तो निरुपद्रवी नाही. त्या नोंदीतले ४.१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. शिवाय छातीत दुखायला लागलेल्या त्या घडीला, घरात बसून किंवा नुसती नाडी पाहून, हा ताकोत्सुबो की रक्तवाहिनी बंद झाल्याचा अटॅक, हे कुणालाही सांगता येत नाही. पट्टीसुद्धा दोन्हींत सारखी दिसू शकते. अँजिओग्राफी केल्यावरच कळतं की रक्तवाहिनी साफ होती. आणि दुःखात, भीतीत खरे अटॅकही येतात. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसला भूकंप झाला. त्याआधीच्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू तिथे रोज सरासरी ४.६ होते; त्या एका दिवशी २४ झाले. ढिगाऱ्याखाली सापडलेले वेगळे. ही माणसं भीतीने हृदय बंद पडून गेली, आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आधीपासून खराब होत्या. घरात मयत झालंय म्हणून छातीतलं दुखणं साहजिक, हे गणित उलटं आहे. मयत झालंय म्हणूनच ते जास्त गांभीर्याने घ्यायला हवं.

पुरुषांनी हसू नये. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिकच्या परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट झाल्या, पुरुषांत ३.२६ पट. आमच्याकडे क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला कोण कोण छाती चोळतं, ते मी घरातच पाहते.

दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही दोन शब्द. मोबाइलवर सध्या हृदयाला स्वतःचा मेंदू असतो, हृदय विचार करतं, असे व्हिडिओ फिरतात. हृदयावर मज्जापेशींचे पुंजके आहेत, ठोक्यांचं स्थानिक नियोजन करतात, इतपत खरं. त्यापुढचं सगळं मनचं. पण हृदयाकडून मेंदूकडे निरोप जातात हे मात्र नक्की. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हृदयाचा वेग बाहेरून प्रकाशाच्या साह्याने वाढवला, मिनिटाला ६६० वरून ९०० वर. हे उंदीर उघड्या, धोक्याच्या जागी जायला नेहमीपेक्षा जास्त कचरू लागले. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग शांत केल्यावर ती भीती कमी झाली. धडधड वाढली म्हणून भीती वाटते, असंही घडतं तर. थायरॉइड किंवा ठोक्यांचा बिघाड असलेल्या कित्येक मुलींना ‘घाबरट’ म्हणून वाढवलं जातं, त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं.

योगाबद्दल लिहिलं नाही तर माझे योगवर्गातले मित्र नाराज होतील. संथ श्वासाने व्हेगसला बळ मिळतं, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास ठेवला की नाडी आणि बी.पी. यांचा ताळमेळ सुधारतो. हे मोजून पाहिलेलं आहे आणि मी स्वतः रोज सकाळी करते. पण १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि दिल्लीच्या एम्सचे आनंद या संशोधकांनी हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांना ईसीजी लावून पाहिला होता. मनगटाला नाडी लागेना, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येईनात. पट्टीवर मात्र हृदय चालूच. श्वास कोंडून छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, म्हणून बोटाला काही लागत नाही. प्राणायाम जरूर करा. छातीत दुखत असताना करू नका, तेव्हा १०८ ला फोन करा.

शेवटी आरोग्य खात्याकडे एक मागणं, आपल्यामार्फत. बायकांचा ईसीजी नीट निघत नाही, आणि त्याचं कारण विज्ञानात नाही. चौथी, पाचवी, सहावी लीड स्तनाच्या खाली, बरगड्यांवर बसायला हवी. टेक्निशियन पुरुष असला की तो संकोचतो, बाई पदर सोडत नाही, आणि लीड वरच्या वर, भलत्याच जागी लागते. जाऊबाईंची रेघ ज्या लीडमध्ये उचललेली होती, त्यातल्या चौथीच्या खुणाही अशा वेळी फसतात. सुतकात असलेली, डोक्यावर पदर घेतलेली विधवा बाई परक्या पुरुषासमोर ब्लाऊज काढेल, ही अपेक्षा कोणी केली? तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक सरकारी ईसीजी खोलीत एक बाई टेक्निशियन असावी. ती मिळेपर्यंत निदान मदतीला एक आया, समोरून उघडणारा गाऊन आणि पुरता ओढता येणारा पडदा असावा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना कुठल्या अंदाजपत्रकाची वाट पाहायची गरज नाही, ग्रामपंचायतही त्या देऊ शकते. आमच्या गावच्या सरपंचबाईंना मी हे तोंडी सांगितलं आहे, आता पत्र छापून आलं की कात्रण नेऊन देईन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन, मिरज